गॅसजारमधलं फडकं

अकोल्याच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथं एके काळी माझ्या नाकाची ख्याती होती. प्रॅक्टिकलच्या दिवशी दारातून आत पाऊल टाकलं की मी सांगायची, खिडकीपाशी कोणीतरी सल्फाइड घेऊन बसलंय आणि मागच्या टेबलावर अमोनियाचं बूच उघडं आहे. पोरं चाट पडायची. मला ते आवडायचं, उगाच कशाला नाही म्हणू?

कोरोनाच्या तापात ते नाक गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, तोंडाची चव अर्धीमुर्धी परतली. वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागतो. सुरुवातीला रोज सकाळी लवंग, कापूर, लिंबाची साल नाकाशी धरून बसायची. आता लवंग मसाल्यातच टाकते.

नोकरीचं काही अडलं नाही. उग्र वासाच्या बहुतेक वायूंसाठी आमच्याकडे डोळ्यांना दिसणारी खूण असते. सडक्या अंड्याचा वास आला की लेड ॲसिटेटचा कागद धरायचा, तो काळा पडतो. जळत्या गंधकाचा वास असेल तर डायक्रोमेटचा नारिंगी कागद हिरवा होतो. अमोनियाजवळ हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुडवलेली काचेची कांडी नेली की पांढरा धूर. नाकानं फक्त संशय घ्यायचा, शाबीत कागदानं करायचं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. आता संशय घ्यायचं काम पोरांकडे आहे. नळीवर थेट नाक न्यायचं नाही, हातानं वारा घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी दटावलेलं असतं. तसा वारा घेऊन एखादी पोरगी तोंड वाकडं करते, "मॅडम, हा त एसटी स्टँडच्या मुतारीचा वास हाय!" वर्ग खिदळतो. मीही हसते आणि कांडी आणायला सांगते.

मग गेल्या वर्षी माझी माय गेली, आणि मला नाकाची खरी गरज पडली.

आमचं घर भातकुलीचं. थोडकी शेती, तिच्यात झेंडू, शेवंती, मोगरा. माय फुलं तोडायची आणि टोपली घेऊन अमरावतीच्या बाजारात जायची. देवाला जायचं फूल हुंगू नये, हा तिचा सक्त नियम. लहानपणी मोगऱ्याच्या ढिगाशी नाक नेलं की पाठीत धपाटा बसायचा. "देवाच्या पयले तुहं नाक कावून?" तिनं स्वतः जन्मात कधी फूल नाकाला लावलं नाही. लेकरांना मात्र हुंगायची. मी अमरावतीला बी.एस्सी. करत होते तेव्हा बाजार आटोपून ती होस्टेलच्या फाटकाशी यायची आणि मला जवळ ओढून डोक्याचा वास घ्यायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी झटकन मागं सरायची. "काय वं, कॉलेजात अंडे सडवून राहिल्या का तुमी? याच्यासाठी शिकवून राहिलो काय तुले?" मग उरलेल्या मोगऱ्याचा गजरा माझ्या वेणीत खोचायची आणि पुन्हा एकदा डोकं हुंगायची. तेव्हा मला मैत्रिणींदेखत लाज वाटायची. आता त्या फाटकावरून गेले तरी मान आपोआप पुढं झुकते.

लोकांना वाटतं, फुलवालीला फुलांचा वास येत असेल. मायच्या अंगाला यायचा तो झेंडूच्या पाल्याचा, उग्र आणि हिरवा. त्यात ओलं गोणपाट आणि थोडी तंबाखू. फुलं तोडताना ती डोक्याला एक फडकं बांधायची, त्यात हा वास मुरला होता. तेरवी झाल्यावर बायकांनी तिचे कपडे धुवायला काढले, तेव्हा ते फडकं मी ओढून घेतलं. अकोल्याला आणून गॅसजारमध्ये ठेवलं. बुडाचा टवका उडाला म्हणून कॉलेजनं बाद केलेला जार होता. वायू कोंडताना लावतो तसं काठाला व्हॅसलीन लावलं आणि वर काचेची चकती बसवली. वास आत थांबेल आणि मी बाहेर नाकाची वाट बघेन, असं मी ठरवलं होतं.

पण चकतीतून गळतंच. हे न कळायला मी काय इतिहास शिकवते? कॉलेजातून आले की रोज जारकडे बघायची आणि भीती वाटायची, की आत आता नुसतं फडकं उरलं असेल. उघडावं तर उघडण्यातच उरलासुरला जायचा. आणि तपासणार कशानं? मायच्या वासानं कुठलाही कागद काळा पडत नाही.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर जार पिशवीत घालून भातकुलीला गेले. धाकट्या भावाची बायको झेंडू तोडून नुकतीच ओट्यावर टेकली होती. मायच्या मागं फुलांचं सगळं तीच बघते. मी म्हणाले, "हे मी उघडते, तू वास घे, आणि खरं खरं सांग." तिनं पदराला हात पुसले, फडकं उचललं आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं. तिचे डोळे भरून आले.

"येते ना, ताई. मायचाच. झेंडूचा पाला."

मला इतकं बरं वाटलं! पण शिकवणाऱ्याची खोड जित्याची. माझी नजर तिच्या हातांवर गेली. बोटं पाल्यानं हिरवी-काळी झालेली. बरबटलेल्या हातांनी चाचणी केली की उत्तर हातांचं येतं, नळीतलं नाही, म्हणून मी पोरांवर ओरडते. तिला येत होता तो तिच्याच बोटांचा वास असणार. फडक्यात काही उरलं होतं का, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

तिला तसं बोलले नाही. तिचा हात ओढून मी नाकाशी धरला आणि होता तेवढा जोर लावून श्वास घेतला. नुसती हवा आत गेली. मायचा वास त्या बोटांवर होता, माझ्या ओठांना टेकला होता, आणि मला मिळत नव्हता. मला रडू कोसळलं.

"काय झालं, ताई?" ती घाबरली.

"काही नाही. हे फडकं तू बांधत जा डोक्याला. फुलं तोडताना."

"मायचं? खराब होईन ना."

"होऊ दे."

रसायनशास्त्राच्या नियमानं मी नमुना नासवला. जार आता स्वयंपाकघरात आहे, त्यात पळ्या ठेवते. नाक अजून आलेलं नाही. रविवारी भावजयीला फोन करते, पोरांचं विचारते, शेताचं विचारते, आणि ठेवता ठेवता म्हणते, "फडकं बांधतेस ना?"

"बांधतो ना, ताई," ती म्हणते. "धुतलं नाई अजून. तुमाले वास आला का सांगा, मंग धुतो."