चौघींची स्वेच्छानिवृत्ती

नर्सेसचे किस्से चेंजिंग रूममध्ये साठतात. एक जण ड्युटी संपवून युनिफॉर्म बदलत असते, दुसरी केसांना पिना लावून ड्युटीवर निघालेली असते, आणि तेवढ्यात एखादी गोष्ट हिच्याकडून तिच्याकडे जाते. मला वाटायचं, नोकरी सुटली की हे बंद होईल. पण आम्ही नोकरी सोडल्यावरच खरे किस्से सुरू झाले. फरक एवढाच की आधीचे पेशंटचे होते, हे आमचे आहेत.

आम्ही म्हणजे चौघी. मी सुनंदा, राहणार कोपरखैरणे, गाव रत्नागिरीकडचं. रजनी म्हात्रे शिरवण्याची, तिथेच जन्मलेली आणि तिथेच दिलेली. एलिसाम्मा केरळची, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून आता करंजाड्याला. आणि शैला, आमची इन्चार्ज सिस्टर. तिने लग्न केलं नव्हतं, नेरूळला भावाच्या कुटुंबात राहायची. चौघी एकाच हॉस्पिटलच्या फिमेल वॉर्डात पाठोपाठ लागलो आणि तिथेच पन्नाशी ओलांडली.

कोविडचे ते दिवस संपले आणि एका दुपारी चहा पिताना शैला म्हणाली, "मला वाटतं, आता पुरे."

का, असं कोणी विचारलं नाही. तिघींच्याही मनात तेच होतं.

स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज घेऊन चौघी एकदमच मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये शिरलो. बाईंनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं.

"चौघी एकदम? संप आहे का?"

"नाही मॅडम," शैला म्हणाली, "झोप आहे."

*

नोटीस पिरियडमध्ये आम्ही रिटायर होऊन काय करणार, याशिवाय दुसरं काही बोललोच नाही.

माझं साधं होतं. रोज रात्री आपल्या घरात, आपल्या गादीवर झोपायचं. एलिसाम्माने गावाकडे घर बांधलं होतं, त्यात ती सलग महिनाभरसुद्धा राहिली नव्हती. तिथे जाऊन राहायचं, मागे केळी लावायच्या, संध्याकाळी व्हरांड्यात बसायचं, असं तिचं ठरलेलं होतं.

रजनी म्हणाली, "मना कायपन नको. फकस्त कोनीतरी तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकावी आनि मी बसून खावी."

एवढी वर्षं तिने घरच्यांना वाढून, स्वतः थंड डबाच खाल्लेला होता. तोही उभ्याने.

शैला मात्र काही बोलायची नाही. शेवटच्या दिवशी, सेंड-ऑफचा केक कापून झाल्यावर, आम्ही अगदी पाठच धरली तेव्हा म्हणाली, "पोहायला शिकायचंय."

आम्ही हसलो. रजनी तर डोळे पुसत म्हणाली, "आगो, आमच्याकडं पोरं खाडीत आपोआप पोहाला शिकायची. त्याला क्लास लावतेस?"

शैलाही हसली. पण तिने क्लासची चौकशी करून ठेवली होती.

*

पहिला दणका मला बसला.

रिटायर होऊन आठवडा झाला नसेल, तोच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. "सर्व सभासदांना आनंदाची बातमी. आपल्या बी विंगमध्ये आता पूर्णवेळ नर्स उपलब्ध आहे." खाली अंगठे आणि फुलं.

मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बेल वाजायला लागली. कोणाचं बीपी, कोणाचं इन्सुलिन, कोणाच्या सासऱ्यांचं ड्रेसिंग. प्रत्येक जण दारातच म्हणणार, "सिस्टर, तुम्ही आता फ्रीच असाल ना?" हॉस्पिटलमध्ये निदान शिफ्ट संपायची.

मी कोणाला नाही म्हणू शकले नाही. पण एका रविवारी चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांचा कुत्रा उचलून घेऊन आले. हातात इंजेक्शन.

मी म्हटलं, "अहो, मी माणसांची नर्स आहे."

ते मनापासून दुखावले. म्हणाले, "आम्ही त्याला माणूसच समजतो."

दिलं मग. काय करणार? कुत्रा बिचारा शांत उभा राहिला, आमच्या बऱ्याच पेशंट्सपेक्षा जास्त शहाणा होता.

*

आता माझ्या झोपेचं.

माझे मिस्टर शांत माणूस. माझ्या नाईट ड्युट्यांबद्दल त्यांनी कधी कटकट केली नाही. मुलीला वेणी घालण्यापासून सगळं केलं. मी घरी बसले तेव्हा त्यांनी हौसेने नवीन गादी आणली, मऊ उशा आणल्या.

महिना झाला तरी त्यांचे डोळे लाल. मला वाटलं, शुगर वाढली. तपासून घेतली, नॉर्मल होती. शेवटी एकदा सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रागावू नकोस. पण बाजूला कोणी असलं की मला झोप लागत नाही. इतकी वर्षं एकटाच झोपत आलोय ना."

मी रागावले नाही. कशावरून रागावणार? त्यांनी सांगितलेलं खरं होतं. त्या दिवसापासून ते हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. तिथे लगेच घोरायला लागतात. मी आत नवीन गादीवर पडून ते ऐकत असते. दोघांचंही आमच्यापरीने बरं चाललंय. पण नोकरीत असताना मी ज्याची स्वप्नं बघितली ते हे नव्हतं, एवढं मात्र खरं.

*

रजनीच्या घरी तिच्या रिटायरमेंटच्या सुमारासच सून आली. चांगली मुलगी, ऐरोलीला कंपनीत नोकरीला. पहिल्या दिवशी म्हणाली, "आई, तुम्ही आता घरीच आहात, मला किती आधार वाटतोय." झालं. सकाळी नवऱ्याचा डबा, मुलाचा डबा, सुनेचा डबा, शिवाय वरच्या भाडेकरूंकडे प्लंबर आला की त्याला चहा.

मी फोन केला, "काय मग, रिटायर्ड बाई?"

"मी रिटायर नाय झाली गो," रजनी म्हणाली. "माझी बदली झाली. डायरेक्ट किचनमधी."

एकदा ती माझ्याकडे आली होती. दुपारची वेळ, मी भाकऱ्याच थापत होते. तिला म्हटलं, बस. तव्यावरची फुगलेली भाकरी तशीच तिच्या ताटात टाकली, वर सुकटीचं कालवण. ती खाली मान घालून जेवायला लागली. मी दुसरी टाकली. वळून बघितलं तर डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि ही आपली घास घेतच होती.

मी विचारलं, "आणखी एक वाढू?"

"नको," रजनी म्हणाली. "सवय लागंल."

*

एलिसाम्मा खरंच गावाला गेली. सगळं सामान बांधून, कायमची. जाताना म्हणाली, "आता तुम्ही यायचं. एक एक रूम एक एक जणीला."

पोहोचल्यावर तिने व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. हा हॉल, ही किचन, ही तुझी रूम, ही रजनीची रूम. मागे केळी, विहीर, सगळं होतं. आम्ही म्हणालो, चला, चौघींत एकीचं तरी जमलं.

मग ती रोज फोन करायला लागली. रोज दुपारी, वॉर्डात आम्ही ज्या वेळेला चहा घ्यायचो, बरोबर त्याच वेळेला. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. "तिकडे काय चाललंय?" एवढंच विचारायची. आमच्याकडे तरी काय चाललेलं असणार?

पावसाळ्यानंतर ती परत आली. करंजाड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये, नातीच्या खोलीत अर्ध्या कपाटात तिचं सामान. आम्ही भेटायला गेलो. रजनीने विचारलं, "काय झालं? घर चांगलं नाय का?"

"घर फार चांगला आहे," एलिसाम्मा म्हणाली. तिचं मराठी इतक्या वर्षांत तिच्यासारखंच राहिलं. "सकाळी उठून मी सगळा रूमचा राउंड घ्यायची. पेशंट कोण नाही."

मग नातीची वह्या-पुस्तकं एका बाजूला सारून आम्हाला बसायला जागा करत म्हणाली, "तिकडे मला बोलते बॉम्बेवाली. इकडे बोलते केरळवाली. आपल्या वॉर्डमध्ये फक्त मी एलिसाम्मा होती."

*

आमच्यातलं एकच स्वप्न ठरवल्याप्रमाणे झालं, ते शैलाचं.

तिने नेरूळला एका क्लबच्या तलावावर लेडीज बॅच लावली. भावजय म्हणाली, या वयात? शैला म्हणाली, आधी वेळ नव्हता. ते खरंच होतं. आईचं आजारपण, भावाच्या मुलांची शिक्षणं, नंतर आमचा वॉर्ड. तिला स्वतःचं म्हणून काही हवं असेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यासुद्धा.

तलावावर शिकवणारी मुलगी तिच्या भाचीच्या वयाची होती. म्हणायची, "मॅडम, पाण्याला घाबरू नका."

"पाण्याला नाही गं," शैला म्हणायची, "तुझ्या शिट्टीला घाबरते."

एक दिवस तिने आम्हाला मुद्दाम बोलावलं. आम्ही तिघी पायऱ्यांवर बसलो. शैला पाण्यात उतरली, भिंत धरून थोडा वेळ थांबली, मग हात सोडले आणि पाठीवर झाली. तरंगायला लागली. हात पसरलेले, डोळे उघडे, वर आभाळ. एलिसाम्माने छातीवर क्रॉस केला.

बॅचची वेळ संपली. शिट्टी झाली, बायका बाहेर आल्या. शैला तशीच. पुन्हा शिट्टी झाली. शेवटी त्या मुलीने पाण्यात उतरून तिच्या खांद्याला हात लावला.

टॉवेल गुंडाळून शैला आमच्याजवळ येऊन बसली. दम लागलेला नव्हता.

"कान पाण्याखाली गेले ना, की काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं कोणी ना कोणी हाक मारतंय. सिस्टर, आत्या, ताई. आज कोणीच नाही."

मला तेव्हा तिचा हेवा वाटला. खरं सांगते.

*

छातीतली गाठ तिच्या हाताला तलावावरच लागली, कपडे बदलताना. आम्हाला तिने लगेच सांगितलं नाही. एकटी जाऊन सगळ्या तपासण्या करून आली आणि मग एका दुपारी माझ्या घरी सगळ्यांना बोलावून रिपोर्ट टेबलावर ठेवला.

आम्ही तिघींनी तो एकामागोमाग वाचला. कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही, हेच वाईट होतं. आजार बराच पुढे गेलेला होता. वॉर्डात असे रिपोर्ट वाचून झाल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे आम्हाला शैलानेच शिकवलं होतं. त्या दिवशी एकीलाही तो चेहरा जमला नाही.

शैलाच म्हणाली, "दुसरं कोणी असतं तर मी हात धरून म्हटलं असतं, सगळं नीट होईल. आता मला हे कोण म्हणणार? तुम्हाला तर सगळं माहीत आहे."

रजनी उठली. तिने शैलाचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "सगलं नीट होईल."

शैला तिच्याकडे बघून हसली. "रजनी, तुझं खोटं अजून पकडलं जातं बघ."

मग ऑपरेशन झालं, केमो झाली. आम्ही पाळ्या लावल्या. भावजयही मनापासून करायची, पण शैलाला आमची सवय. केस गेले, वजन गेलं. तलावाचं नाव तिने काढलं नाही, आम्हीही काढलं नाही.

*

शेवटचे काही दिवस ती आमच्याच वॉर्डात होती. तिनेच तसं मागून घेतलं. नवीन मुली ड्युटीवर होत्या, पण सगळ्या तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. दुखणं फार होतं, मॉर्फिन चालू होतं. त्यामुळे बराच वेळ ती ग्लानीत असायची.

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघीही होतो. रजनी तिचे पाय चेपत होती. एलिसाम्मा पुटपुटत माळ ओढत होती. मी स्टुलावर, उशाशी.

शैलाने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही तिला भेटायला आलोय, हे तिला उमगलेलं दिसत नव्हतं. आवाज बारीक होता, पण होता तो इन्चार्जचा.

"सुनंदा, खिडकीजवळची पेशंट कशी आहे?"

खिडकीजवळ तीच होती. तिथे दुसरी कॉटच नव्हती.

मी रजनीकडे बघितलं. तिने मान खाली घातली, पण हात थांबवले नाहीत.

"बरी आहे, सिस्टर," मी म्हटलं. "पेन कमी आहे आता."

"नातेवाईक आहेत ना कोणी?"

"आहेत. तिघी जणी बसल्यात."

"पेशंट काय करते?"

"नोकरी करायची. रिटायर झालीये."

"वय?"

मी वय सांगितलं. शैलाच्या कपाळावर बारीक आठी पडली, हिशेब करताना पडायची तशी.

"मग निवृत्ती लवकरच घेतली तिने."

"हो," मी म्हटलं. "लवकरच घेतली."

तिच्या कपाळावरची आठी गेली.

"बरं केलं," शैला म्हणाली.