टाकीच्या झाकणावरचा पंच्याण्णव

मी परभणीत नोकरी करते, आईवडील गंगाखेडला असतात. दोन वर्षांपूर्वी मी नांदेडच्या एका डॉक्टरांची वापरलेली टर्बो गाडी विकत घेतली. दिसायला छोटी, लालभडक, पण ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटते. गरज काय होती, असं सगळ्यांनी विचारलं. गरज काही नव्हती. मला वेगात जायला आवडतं आणि चाळिशी उलटल्यावर हे कबूल करायची लाज वाटेनाशी झाली, एवढंच.

गाडी दारात आणली तेव्हा माय म्हणाली, "एवढी लाल कामून घेतली?" अप्पांनी बॉनेट उघडायला लावलं, हात मागे बांधून बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "जागाच न्हाई की हात घालायला."

अप्पा बस डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. सगळी नोकरी डिझेलच्या वासात गेली. इंजिनाच्या आवाजावरून कुठल्या गाडीचं काय दुखतंय ते सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावरही रस्त्यावरून बस गेली की चहाचा कप हातात धरून ते थांबत आणि मगच घोट घेत.

पहिल्यांदा आम्ही तिघं राणीसावरगावला मावशीकडे निघालो. गंगाखेडलाच टाकी भरली, साधं पेट्रोल. चढ लागला तसा मी तिसऱ्या गिअरात पाय दाबला, आणि अप्पांनी हात वर केला.

"थांब. पुन्हा दाब."

मी दाबलं.

"ऐकू यायलंय का? डब्यात खडे हलवल्यासारखं?"

मला नुसता एसीचा आवाज येत होता. काच खाली केली, एसी बंद केला, तेव्हा कुठे बारीक किरकिर कानावर आली. डॉक्टरांनी फसवलं, असंच माझ्या मनात आलं. मावशीच्या घरी जेवणावर लक्ष लागेना. अप्पा मात्र पोटभर जेवले आणि म्हणाले, "गाडीचं पुस्तक आण."

पुस्तक इंग्रजीत. मी वाचत होते, ते डोळे मिटून ऐकत होते. साधं पेट्रोल चालेल, पण पंच्याण्णव ऑक्टेनचं वापरा, असं त्यात लिहिलेलं होतं. मग टाकीचं झाकण उघडून बघितलं तर आतल्या बाजूला तोच आकडा चिकटवलेला. मी इतके दिवस त्या झाकणासमोर उभी राहत होते आणि एकदाही वाचलं नव्हतं.

"पण ऑक्टेन म्हणजे काय?" अप्पांनी विचारलं. मला होती तेवढी माहिती मी सांगितली: सिलिंडरमध्ये दाब वाढला तरी पेट्रोलनं आपोआप पेट घ्यायचा नाही, ठिणगी पडेपर्यंत थांबायचं, टर्बोत दाब जास्त, म्हणून जास्त थांबणारं पेट्रोल लागतं.

अप्पा एकदम खूश झाले. "म्हंजे आमच्या उलटं! डिझेलला दाबलं की पेटायला पाहिजे. हे दाबलं तरी गुमान बसलं पाहिजे. अन् तुझं बसंना, म्हणून खडखड करायलंय." मग मायकडे वळून म्हणाले, "लेकीची गाडी ठीक हाय. खाणं चुकायलंय."

पुढच्या वेळी मी टाकी जवळजवळ रिकामी करून परभणीतल्या पंपावर पंच्याण्णव भरलं. तिथला कर्मचारी म्हणाला, "मॅडम, हे महाग हाय बरं." मी म्हटलं, माहीत आहे. आणि आम्ही तिघं पुन्हा त्याच चढावर. अप्पांची अट होती: तीच जागा, तोच तिसरा गिअर, तेवढंच वजन. म्हणजे मायनं मागं बसायचंच. तीही दशम्या अन् ठेचा बांधून तयार.

काचा खाली, एसी बंद. मी पाय दाबला. अप्पांनी मान खिडकीकडे कलती केली. चढ संपला तरी मान तशीच.

"अप्पा?"

"काईच न्हाई," ते म्हणाले. आयुष्यभरात कुठल्याही प्रमाणपत्राचा मला एवढा आनंद झाला नसेल.

पण मी तिथं थांबले तर ना. पंच्याण्णवनं एवढं होतं तर शंभरनं गाडी उडेल, असं डोक्यात बसलं. आमच्या भागात ते मिळत नाही. कामासाठी संभाजीनगरला गेले तेव्हा रिकामी टाकी तिथं शंभरनं भरून आणली. घरी येईपर्यंत मला शंभर टक्के खात्री: गाडी वेगळीच धावतेय, स्टेअरिंगसुद्धा हलकं लागतंय.

तिसऱ्यांदा तोच चढ. मी हसत अप्पांकडे बघितलं. पण उत्तर मागून आलं.

"मागच्या टायमासारखीच चालली की," माय म्हणाली. "मला तर काई फरक वाटला न्हाई."

"माय, तुला काय कळतं त्यातलं?" मी चिडून बोलले, आणि बोलता बोलताच कळलं की तिचंच खरं आहे. स्टेअरिंग हलकं कसं होईल पेट्रोलनं?

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "गाडीला पंच्याण्णव पाहिजे होतं, ते भेटलं. खडखड गेली. आता गप बसलेल्या इंजिनाला आणखी गप कसं करशील?"

माथ्यावर गाडी उभी करून आम्ही दशम्या खाल्ल्या. हात धुताना अप्पा म्हणाले, "उतरताना मी घेऊ का?"

दुरुस्त केलेली बस ट्रायलला न्यायची म्हणून लायसन त्यांच्याकडे होतं. घरची गाडी अशी त्यांनी कधी चालवलीच नव्हती, कारण घरी गाडीच नव्हती. त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा पुसला आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं धरलं, जणू मागं पन्नास प्रवासी बसलेत. उतार संपून सरळ रस्ता लागला तरी चाळीसच्या पुढे काटा जाईना. प्रत्येक वळणावर हॉर्न.

"अहो, दाबा की जरा," मागून माय म्हणाली.

त्यांनी दाबलं. पाठ सीटला चिकटली, मायनं माझ्या सीटची कड पकडली, आणि अप्पा लहान मुलासारखे खदखदून हसले. असं हसताना मी त्यांना फार कमी वेळा बघितलंय. गंगाखेड येईपर्यंत स्टेअरिंग काही त्यांनी मला दिलं नाही.