कुंकू लावलेला पाना
खंडेनवमीला बंगळुरात रस्तोरस्ती कुंकू भरलेले कोहळे फोडतात. त्यांचा कच्चा, ओला वास आला की मला पीण्या औद्योगिक वसाहतीजवळचं आमचं अंगण दिसतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आदल्या दिवशी यांनी स्कूटरला ब्रेकची नवी केबल घरीच घातली होती. सणाच्या सकाळी स्कूटर धुतली, हँडलला झेंडूची माळ बांधली, आणि पाने-पक्कड पाटावर मांडून मी त्यांना हळदकुंकू वाहिलं. मित्राकडे प्रसाद द्यायला निघताना यांनी ब्रेक दाबून पाहिला. "स्वल्प ढिला लागतोय. पाना दे, दोन आटे आवळतो." मी अडवलं. "पूजेतली अवजारं आज उचलायची नसतात. उद्या आवळा." "सरी, बरं," ते हसून म्हणाले, "हळू जातो." हेब्बाळच्या उतारावर केळीचे खांब बांधलेली एक लॉरी उभी होती. स्कूटर थांबलीच नाही. हे जागीच गेले. संध्याकाळी कुणीतरी स्कूटर आणून अंगणात लावली, तेव्हा ती फारशी मोडलेलीही नव्हती. हँडलवरची माळसुद्धा ताजी होती. सासूबाई पुढे कितीतरी वर्षं नशिबाला बोल लावत राहिल्या. पाना मीच उचलू दिला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि आता त्याही नाहीत.