साडूचं नाव शेवटी

माझा साडू पाऊस मोजतो. मीही तेच करतो, पण ते कुणी विचारत नाही.

एकाच संस्थेत, एकाच खोलीत आम्ही दोघं वर्षानुवर्षं पाठीला पाठ लावून बसायचो. बायका सख्ख्या बहिणी, म्हणजे घरी गेलं तरी सुटका नाही. त्याला सगळे थेंबमास्तर म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत. टोपणनाव पडायलाही माणसात काहीतरी असावं लागतं, असं माझी बायको म्हणते.

थेंबमास्तरचा पहिला निबंध पर्जन्यमापकावरचा. त्या यंत्रात डोलणारी दोन चिमुकली भांडी असतात. एक भरलं की कलंडतं, दुसरं पुढे येतं, आणि यंत्र तेवढ्या पावसाची नोंद करतं. मुसळधार पावसात मात्र कलंडता कलंडता पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. हे सगळ्यांनाच माहीत होतं. नेमकं किती निसटतं, ते यानं गच्चीवर भिजत उभं राहून शोधलं. सर्दी त्याला झाली, नाव त्याचं झालं, शिंका तेवढ्या मला ऐकाव्या लागल्या.

मग तो नद्यांकडे वळला. पाऊस कमी मोजला तर पुराचा अंदाजही कमीच येणार, यात काय मोठंसं? मलाही सुचलं असतं. सुचलं नाही, ही गोष्ट वेगळी. त्याचे निबंधावर निबंध छापून येऊ लागले. दर वेळी मी हसून हात मिळवायचो आणि दिवसभर माझ्या पोटात दुखायचं.

पुढे स्वारी थेट वित्तशास्त्रात घुसली. पाऊस ठरावीक आकड्यापलीकडे गेला की भरपाई देणारा विमा असतो. मापकच कमी सांगत असेल तर त्या विम्याचा हप्ता किती धरायचा, यावर त्यानं तीन निबंध लिहिले. त्यातले पावसाचे तक्ते तेवढे मी तपासून दिले होते. तर या गृहस्थानं तिन्ही निबंधांवर माझं नाव घातलं! न मागता केलेल्या उपकारासारखं दुसरं दुखणं नाही.

अशात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेनं उमेदवार ठरलो आम्ही दोघंच.

"अहो, या वेळी तरी ताईपुढे माझी मान वर राहू दे," बायको म्हणाली.

मुलाखतीला आधी तो जाऊन आला, मग मी गेलो. समितीतले सगळे नदी-धरणवाले. अध्यक्षबाईंच्या समोर आमच्या निबंधांच्या याद्या होत्या.

"विम्याच्या तिन्ही निबंधांवर पहिलं नाव तुमचं, शेवटचं त्यांचं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुख्य काम तुमचं."

खरी मेख इथेच होती. आमच्या पाण्याच्या शास्त्रात ज्याचं काम जास्त, त्याचं नाव आधी. वित्तवाले मात्र आडनावांच्या अक्षरक्रमानं नावं लावतात. माझं आडनाव अगदी सुरुवातीचं, त्याचं पार शेवटचं. बाकी काही नाही.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खुर्ची माझी, बायको खूश, तो कायमचा मागे. पण त्याच्याच खांद्यावर बसून त्याच्यापेक्षा उंच दिसायचं? मला त्याला हरवायचं होतं, अगदी खरंखुरं. असं जिंकून माझा जळफळाट थांबला नसता, उलट वाढला असता.

"काम त्याचं आहे," मी म्हणालो, आणि नावांची भानगड समजावून सांगितली.

अध्यक्षबाई हसल्या. "कमाल आहे. आम्ही त्यांनाही हेच विचारलं होतं. ते म्हणाले, काम तुमचंच, क्रम बरोबर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात एकदा मोठेपणा करायला निघालो, तर तिथेही हा आधी पोचलेला!

"खोटं बोलतो तो!" मी ओरडलोच. "त्या निबंधांतलं काहीही विचारा मला."

त्यांनी विचारलं. हप्ता काढताना मापकाची चूक कुठे धरली? मला सांगता येईना. दुसऱ्या प्रश्नालाही तेच. तिसऱ्याला मी ताठ बसून म्हणालो, "नाही येत." इतक्या ऐटीत मी कधी नापास झालो नव्हतो.

बाहेर तो जिन्यापाशी थांबला होता.

"तू कशाला माझं नाव पुढे केलंस?" मी त्याच्यावर खेकसलो.

"मला कुठे हवी होती खुर्ची? गच्ची सुटेल माझी." मग हळूच म्हणाला, "तुला हवी होती ना. फार वर्षांपासून."

पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसाला माझं तोंड दिसत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

जागा त्यालाच मिळाली. आता तो समोरच्या इमारतीत, प्रमुखाच्या खोलीत बैठका घेतो आणि गच्चीवरचं मापक मी सांभाळतो. पावसात मी वर गेलो की बैठक सोडून तो खिडकीशी येतो आणि मान उंच करून बघत राहतो.

"भाऊजींना तुमचा हेवा वाटतो वाटतं," बायको म्हणाली.

म्हटलं, वाटू दे की जरा. कळू दे कसं असतं ते.