तिसऱ्या टाकीचं चार पॉइंट शून्य

"साहेब, धारंचं कोमट दूध वतलं टाकीत, तरी ह्यो तापमानाचा आकडा जागचा हालला न्हाय. चार म्हंजे चारच. दूध हाय का सरकारी फाईल?"

"शालनताई, स्क्रीन ग्रीन आहे ना? मग झालं. अकराला कमिटी येतेय. प्लीज, आज कशाला हात लावू नका."

"लावला की मगाशीच. म्हनून तर लाल झालीया."

मॅनेजर ऋषी साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. चव्वेचाळीस आठवडे हिरवागार असलेला पडदा कुंकवासारखा लाल झाला होता.

हडपसरच्या पुढं हे दुधाचं चिलिंग सेंटर. गावोगावचं दूध इथं येतं, टाकीत गार होतं आणि टँकरनं पुढं जातं. शालन इथं बावीस वर्षं कॅनची झाकणं उघडून दुधाचा वास घेते. तिनं नाक मुरडलं की तो कॅन बाजूला. हुज्जत घालायची कुणाची टाप नाही.

मग टाक्यांना सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. तो बसवणारा चार महिन्यांत बेंगळुरूला पळाला. साहेब एमबीए, त्यामुळं त्यांना बघणं शक्य नव्हतं. शालनची भाची तनुजा आयटी पार्कात कामाला. तिनं सहा महिने दर रविवारी मावशीला पायथन शिकवलं. पायथन म्हणजे अजगर हे कळल्यावर शालन म्हणाली, "कात्रजच्या बागंत हाय तसला? मग भ्यायचं काय, काचंतच पडून असतोय."

त्या अजगराचं काम साधं. दर दहा मिनिटांनी टाकीला विचारायचं, किती गार आहेस, आणि येईल तो आकडा पडद्यावर टाकायचा. बेंगळुरूवाल्यानं या सगळ्या कामाला एकच मोठा 'ट्राय', म्हणजे 'करून बघ', घातला होता आणि खाली एकच 'एक्सेप्ट', बिनानावाचा. म्हणजे कसलीही चूक झाली तरी ब्र काढायचा नाही, मागचा आकडा पुन्हा दाखवायचा. याला तो 'एकदम लाइटवेट' म्हणायचा. साहेबांना ते भारी आवडलं, कारण मुख्य कचेरीनं 'शून्य चूक केंद्र' असा पितळी फलक बक्षीस म्हणून जाहीर केला होता आणि कमिटी त्यासाठीच येत होती. चुका रोज होत होत्या, पण त्यांना बोलायची बंदी होती.

शालननं सकाळी तो बिनानावाचा एक्सेप्ट उपटला आणि तिथं तीन ओळी लिहिल्या. साहेबांना तिनं त्या अशा समजावल्या, "आल्या पावन्याला, म्हंजे चुकीला, नाव इचारायचं. नेट गेलं आसंल तर वळखीचं हाय. बस म्हनायचं, तीनदा हाक मारायची. दुसरं कुनी आलं तर गपचिप आत घ्यायचं न्हाय, बोंब ठोकायची. हाय का ह्यात काय वजन?"

"उत्तम. आता जुनं परत टाका. फक्त एक तास."

"एका तासात टँकर भरून जाईल."

टँकर दारात उभाच होता. तिसऱ्या टाकीत पाच हजार लिटर. ते खराब निघालं तर टँकरमधलं सगळं दूध नासणार, आणि 'योग्य' म्हणून पावतीवर सही शालनची.

"मी सांगतोय ना."

"मग सही तुमी करा."

साहेबांनी पेन काढलं. पावतीकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, पेनाचं टोपण नीट लावलं आणि पेन परत खिशात ठेवलं.

शालन शिडीवर चढली, हातातला थर्मामीटर दुधात सोडला. अकरा डिग्री. थंड करणारी मोटार आणि सेन्सर एकाच फ्यूजवर होते आणि फ्यूज उडाला होता. तिनं वाटीभर दूध शेगडीवर उकळून पाहिलं. साय धरली, फाटलं नाही. अजून तासभर तसंच राहिलं असतं तर वाटीत चोथा निघाला असता. फ्यूज बदलला, मोटार घुरघुरली, टँकर थांबवून ठेवला.

अकराला कमिटी आली. प्रमुखांनी पडदा पाहिला.

"हे काय?"

"तसं काही नाही, सर," साहेब म्हणाले.

"दूध नासलं का?"

"नाही, सर."

"मग लाल कशासाठी?"

"नासू ने म्हनून," शालन म्हणाली.

प्रमुखांनी वहीत लिहिलं, 'विनाकारण लाल'. पितळी फलक सासवड रस्त्यावरच्या दुसऱ्या सेंटरला गेला. तिथलाही कॉम्प्युटर त्याच बेंगळुरूवाल्यानं बसवला होता.

कमिटीची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर साहेब म्हणाले, "शालनताई, एक ओळ वाढवता येईल का? कमिटी असेल तेव्हा ग्रीन."

"यील की. कमिटीला बी चुकांच्या यादीत नाव द्यावं लागंल. देऊ का?"

साहेबांना एकदम कुणाला तरी फोन करायचा आठवला.

दुपारी तिसरी टाकी चार पॉइंट एकवर आली. शालननं पावतीवर सही केली, टँकर गेला. तोवर संध्याकाळचे कॅन ओट्यावर यायला लागले होते. तिनं पदर खोचला, पहिल्याचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं.

"ह्यो बाजूला काढा."