साडूंची टाच

टाचा पुष्कळांच्या दुखतात, पण आमच्या साडूंइतकी आपली टाचदुखी मन लावून कुणी जोपासली नसेल. कळंबजवळच्या गावात कांदा-बटाटा आणि शर्यतीचा बैल सांभाळून हा माणूस पन्नाशीतही रोज पहाटे पळायचा. कशासाठी, तर शिवजयंतीला गावची पोरं शिवनेरीवरून ज्योत आणतात, आळीपाळीने पळत, अनवाणी. आणि फाट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा शेवटचा टप्पा वर्षानुवर्षं साडूंचा. तो टप्पा म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

गेल्या वर्षी उजवी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की साडू अशी बोंब ठोकत, की शेजारीण त्या आवाजावर चहाचं आधण ठेवी. मग उपचार सुरू झाले. तापलेल्या विटेवर रुईची पानं टाकून शेक घेतला. तळपायाखाली बर्फाची बाटली घोळवायला कुणीतरी सांगितलं, तर ती घेऊन हे नारायणगावच्या लग्नाला हजर. शेजारच्या पाहुण्याने तहानेने हात घातला, तेव्हा म्हणाले, "थांबा पावणं, ती पायाची हाय." आळेफाट्यावर एका ट्रकवाल्याने नगरचा रस्ता विचारला, त्यालाही आधी टाच ऐकावी लागली. तो खाली उतरून स्वतःचा गुडघा दाखवू लागला, तेव्हा मात्र साडूंना एकदम घाई झाली. दुसऱ्याचं दुखणं ऐकायला त्यांना सवड नसे.

सगळं केलं, फक्त विश्रांती घेतली नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही महिने पळायचं नाही आणि घरातसुद्धा मऊ चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही. साडू घरात इमानाने चपला घालत आणि पहाटे गुपचूप पळून येत. एकदा घोटा सुजवून लंगडत परतले. मेहुणी गोठ्यात शेण काढत होती. ती शांतपणे म्हणाली, "मागल्या यात्रंला बैलानं जरा पाय उचलून धरला, तर सारा गाव इनवण्या करीत व्हता, तरी तुमी त्याला शर्यतीला न्येलं न्हाई. आन् सवताला रोज जुंपताय व्हय?"

साडूंनी बैलाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पळणं बंद झालं.

यंदाच्या शिवजयंतीपर्यंत टाच बरीच निवली होती. पण अनवाणी धावायला डॉक्टर अजून नाहीच म्हणत होते, आणि पायात चपला असताना ज्योतीला हात लावणं साडूंना या जन्मी शक्य नव्हतं. शेवटचा टप्पा त्यांनी आपणहून पुतण्याला दिला. मी देवळापाशीच होतो. हलगी वाजली, पुतण्या ज्योत घेऊन धावत आला. मेहुणीने रीतीप्रमाणे त्याच्या पायांवर पाणी घातलं, त्याला ओवाळलं. इतकी वर्षं ते पाणी साडूंच्या पायांवर पडत होतं. गर्दी ज्योतीमागे देवळात शिरली, आणि मग फाट्याकडून साडू चालत आले, मऊ चपलांतून, एकटेच.

मेहुणी तांब्या घेऊन पुढे झाली. "चपला काढा."

"मी कुठं पळालोय?"

"न पळता ऱ्हायला. ते काय कमी अवघड व्हतं?"

तिने पाणी घातलं, वाकून पदराने ती टाच पुसली. साडू काहीच बोलले नाहीत. टाचेविषयीसुद्धा नाही.