अर्ध्यावरचा काटा

आईला दर आठवड्याला औषध चढवायला नवा रायपूरच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. मे महिन्याचं ऊन, आणि बाबांची गाडी माझ्याहून वयानं मोठी. टॅक्सी करू म्हटलं की बाबा गाडीची किल्ली घेऊन दारात उभे राहायचे, आणि त्यापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. शेवटी मीच हट्टाला पेटले आणि गाडीत एसी बसवून घेतला. जुना डायनॅमो त्याला पुरेना, म्हणून जास्त ताकदीचा अल्टरनेटर आला.

पहिल्याच दिवशी चार्जिंगच्या मीटरचा काटा उजव्या टोकाला जाऊन चिकटला आणि डॅशबोर्डमागून तार तापल्याचा वास आला. सगळा करंट त्या मीटरमधूनच जात होता, आणि एवढ्या करंटसाठी तो बनलेलाच नव्हता. मागे आई बसलेली. गुढियारीतल्या इलेक्ट्रिशियन भैयांनी मीटरच्या दोन्ही टोकांना जोडून एक जाड तार टाकली. आता बराचसा करंट तारेतून जाणार, थोडाच मीटरमधून. मीटर वाचला, पण काटा अर्ध्यावरही जाईना.

बाबांची नोकरी रेल्वेतली, सगळा जन्म मीटर बघण्यात गेलेला. काटा खाली म्हणजे बॅटरी उतरतेय, एवढंच त्यांना ठाऊक. सिग्नलला गाडी थांबली की काटा आणखी उतरायचा, आणि ते एसी बंद करत. मी तार, करंट सगळं समजावून सांगायची, ते "हव, हव" म्हणत मान डोलवायचे आणि पुढच्या चौकात पुन्हा बटण बंद. मी नुसती चरफडायची. आई पदरानं वारा घेत बसायची. एकदा ती पोचेपर्यंत इतकी गळून गेली, की बीपी उतरलं म्हणून औषध न देताच परत पाठवलं. त्या दिवशी मला बाबांचा मनापासून राग आला.

पुढच्या खेपेला आई पुढे बसली, मी मागे. तेलीबांधाच्या सिग्नलला बाबांचा हात बटणाकडे गेला.

"काटा उठूनच नाही राहिला," ते म्हणाले.

"काट्याकडं पाहून राहिले तुम्ही," आई म्हणाली. "माह्याकडं काहून नाही पाहत?"

बाबांचा हात थांबला. आईनं कपाळावरची टिकली काढली आणि मीटरच्या काचेवर, काटा होता नेमकी तिथं चिकटवली. काटा इथवर आला की सगळं ठीक समजायचं, म्हणाली. आमच्याकडे सवाष्ण बाई अशी भर रस्त्यात टिकली काढत नाही. बाबांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान वळवली. मागून हॉर्न वाजायला लागले तरी त्यांना गियर सापडेना.

एसी दवाखान्यापर्यंत सुरूच राहिला. नर्सनं बीपी बघितलं आणि लगेच औषधाचं सलाईन लावलं. मी बाबांना सांगायला वळले, तर ते कुठे दिसेनात. बऱ्याच वेळानं आले ते टिकल्यांचं पाकीट घेऊन. आईचा हात अडकलेला होता, म्हणून त्यांनीच लावली. जरा वाकडी लागली.